टाकसाळीची चूक ओळखताना

रायगडाच्या पायथ्याच्या दुकानांत, अलिबागच्या किनाऱ्यावर आणि गावोगावच्या जत्रांत आज शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं, विकायला असते. काही विक्रेते ती प्रतिकृती आहे असं सरळ सांगतात. काही जण गप्प राहतात आणि घेणाऱ्याच्या डोळ्यांतली श्रद्धा बघून भाव ठरवतात. नाण्यावरचं एखादं अक्षर कापलेलं असलं, ठसा एका बाजूला सरकलेला असला, की लगेच ऐकू येतं, ‘हे दुर्मिळ आहे, टाकसाळीतच असं पडलंय.’ घेणाऱ्याला ते खरं वाटतं, कारण हातानं घडवलेल्या नाण्यात दोष असणारच हे त्याला ठाऊक असतं. बनावट करणाऱ्यांनी हीच समजूत हेरली आहे. दोष हा अस्सलपणाचा पुरावा म्हणून विकला जातो, आणि ज्याच्या घरात खरोखर अस्सल पण वेडंवाकडं नाणं आहे तो ते खोटं समजून मोडीत घालतो. दोन्हीकडे नुकसान आपलंच होतं, म्हणून हे पुस्तक.

पुस्तकाचा सगळा भर एका विचारावर आहे आणि तो इथेच सांगतो. टाकसाळीतली प्रत्येक चूक कामाच्या कुठल्या तरी एका टप्प्यावर घडलेली असते. धातू ओतताना, चकती कापताना, ठसा कोरताना, घाव घालताना. त्यामुळे विचित्र नाणं हातात आलं की ते किती विचित्र आहे हे बघू नये, ही गोष्ट कुठल्या टप्प्यावर घडू शकेल हे विचारावं. नाणं टाकसाळीतून निघालं असेल तर उत्तर मिळतं, आणि ते उत्तर नाण्याच्या दुसऱ्या बाजूशी, कडेशी आणि वजनाशी जुळतं. बनावट नाण्याची एक बाजू एक गोष्ट सांगते आणि कड दुसरीच.

हा अभ्यास करायला रायगडच्या किनाऱ्याइतका सोयीचा मुलूख क्वचित सापडेल. चौल हे सातवाहनांच्या काळापासूनचं बंदर. तिथे परदेशी पैसा येत होता आणि पारखलाही जात होता. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकानंतर, म्हणजे जून १६७४ पासून, सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई ही महाराजांची नाणी झाली. त्याच सोहळ्याला मुंबईहून ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन आला होता. त्याच्या तहाच्या मागण्यांत कंपनीचं नाणं स्वराज्यात चालावं असं एक कलम होतं. रायगडावरून त्याला मिळालेल्या उत्तराचा मथितार्थ असा, की मुंबईचं नाणं कसाला आणि वजनाला इतर राजांच्या नाण्यांइतकं उतरलं तर त्याला मज्जाव नाही, पण रयतेनं ते तोटा सोसून घ्यावं अशी सक्ती होणार नाही. नाण्यावर शिक्का कोणाचा आहे एवढ्यावर इथे कोणी थांबत नव्हतं. पुढे कान्होजी आंग्र्यांचा अलिबागी रुपया आला. अठराव्या शतकाच्या मध्याला पेशव्यांनी रेवदंडा आणि नागोठणे इथल्या खासगी माणसांना नाणी पाडण्याचे परवाने दिले. न्यायमूर्ती रानड्यांनी मराठ्यांच्या टाकसाळींवरच्या आपल्या निबंधात त्यांची नोंद केली आहे.

हे परवाने इथे महत्त्वाचे आहेत. आज सापडणाऱ्या बहुतेक शिवराया महाराजांच्या हयातीतल्या नाहीत. तेच नाव, तीच अक्षरं घेऊन पुढची शंभर-दीडशे वर्षं ठिकठिकाणच्या टाकसाळी ते नाणं पाडत राहिल्या. ठसे कोरणारे कारागीर वेगळे, त्यांचं लेखनही वेगळं. एकाच्या ठशावर ‘शिव’, दुसऱ्याच्या ‘शीव’, तिसऱ्याच्या ‘सिव’. कुठे ‘छत्रपति’, कुठे ‘छत्रपती’. वेलांटी चुकली म्हणून शिवराई खोटी, असं छातीठोकपणे सांगणारे लोक मला वारंवार भेटतात. त्यांच्या सल्ल्यावरून अस्सल नाणी तांब्याच्या भावानं गेली आहेत, याचं फार वाईट वाटतं. शुद्धलेखनाची पक्की चौकट त्या काळात नव्हती आणि ठसे कोरणाऱ्यापुढे छापील नमुनाही नव्हता. उलट आजचा बनावट करणारा पुस्तकातलं चित्र समोर ठेवून काम करतो, म्हणून त्याच्या नाण्यावर अक्षरं फार नेटकी, फार पूर्ण येतात.

नाणं कसं पाडत ते डोळ्यांसमोर आणलं की पुढचं सोपं होतं. तांब्याचे तुकडे वजनाला सारखे करून ठोकून चपटे केले जात. एक ठसा खाली ठोकळ्यात पक्का बसवलेला, दुसरा कारागिराच्या हातात. मध्ये चकती ठेवायची, वर घण मारायचा. ठसा चकतीपेक्षा मोठा असे, त्यामुळे पूर्ण मजकूर एका नाण्यावर क्वचितच उतरे. शिवराईच्या एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्रपति’, आणि दोन्हीकडे भोवती ठिपक्यांचं वर्तुळ. अस्सल नाण्यावर बहुतेकदा यातलं काही ना काही कडेबाहेर गेलेलं असतं.

समजा, एका शिवराईवर ‘श्री’ जवळजवळ नाहीसा आहे. वरच्या कडेला त्याचा पाय तेवढा दिसतो. ‘राजा’ पूर्ण, ‘शिव’ पूर्ण, आणि खालच्या बाजूला ठिपक्यांची कमान नीट उतरलेली, तिच्याही पलीकडे थोडं कोरं तांबं. म्हणजे चकती ठशाच्या खालच्या अंगाला सरकलेली होती. आता कड बघा. घावानं तांबं पसरलं की कडेला बारीक चिरा पडतात, बाहेरून आत जाणाऱ्या, आणि चिरेच्या तोंडाशी धातू जरासा फाटल्यासारखा दिसतो. नाणं उलटा. या बाजूचा ठसा मध्यावर असू शकतो, कारण दोन ठसे एकमेकांना जखडलेले नव्हते. पण जिथे पहिल्या बाजूची अक्षरं उथळ आहेत, बरोबर त्याच जागी दुसऱ्या बाजूचीही उथळ असायला हवीत. घाव एकच, जोर एकच, चकती तिथे पातळ होती तर दोन्हीकडे पातळ. ही जुळणी बनावट करणाऱ्याच्या ध्यानात सहसा येत नाही.

बाजारातल्या बहुतेक बनावट शिवराया ओतलेल्या असतात. अस्सल नाण्याचा साचा घ्यायचा आणि त्यात तांबं किंवा पितळ ओतायचं. ओतताना हवेचे बुडबुडे अडकतात, त्यांच्या जागी बारीक गोल खड्डे राहतात आणि साच्यातल्या पोकळ्यांमुळे अक्षरांच्या आजूबाजूला बारीक पुटकुळ्याही उठतात. अक्षरांची धार जाते. साच्याचे दोन भाग जुळतात तिथे कडेवर रेघ उमटते, ती घासून काढली की कानशीचे ओरखडे राहतात. ठोकलेल्या नाण्याच्या कडेला कानशीची गरज नसते.

इथे किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी एक गोष्ट जास्त जपून बघायला हवी. खाऱ्या हवेत आणि खाऱ्या मातीत तांबं खूप खातं. चौल-रेवदंड्याच्या मातीतून निघालेल्या नाण्यावर खड्डे असणारच. घाटावरच्या संग्राहकाला ते ओतकामाचे वाटतात आणि तो नाणं नाकारतो. फरक भिंगाखाली दिसतो. गंजाचा खड्डा वेडावाकडा असतो, त्याचे काठ कुरतडलेले आणि तळाशी हिरवट किंवा लालसर थर घट्ट बसलेला. बुडबुड्याचा खड्डा गोल, गुळगुळीत, बहुतेकदा स्वच्छ. गंज तांब्याला खातो, पण धातूच्या गोल पुटकुळ्या उठवत नाही. आणि बनावट नाण्याला रसायनानं आणलेला हिरवेपणा सगळीकडे सारखा पसरलेला असतो, नखानं खरवडला की भुकटी होऊन सुटतो. ही एक परीक्षा शिकलात तरी पुस्तक घेतल्याचं सार्थक झालं असं मी म्हणेन.

ओतलेल्या नाण्याची आणखी एक खूण फारच खात्रीची आहे. दोन नाण्यांवर तोच ओरखडा, तोच टवका, तीच कडेची चीर दिसली तर दोन्ही एका साच्यातली, म्हणून दोन्ही बाजूला ठेवा. ठशाला गेलेला तडा मात्र अनेक अस्सल नाण्यांवर सारखाच उमटतो, आणि तो नेहमी उंचावलेल्या रेषेसारखा दिसतो, कारण ठशातल्या भेगेत धातू शिरतो. उंच रेषा ठशातून आली, घावानं पडलेली कडेची चीर सोडली तर खोल रेषा नाण्यावर नंतर पडली. नवशिक्यानं हे एवढं पाठ केलं तरी निम्म्या फसवणुकीतून तो वाचेल.

सोन्याच्या होनाबद्दल मी कमी लिहिलं आहे आणि ते जाणूनबुजून. अस्सल होन सुमारे २.८ ग्रॅमचा, तो अत्यंत दुर्मिळ आहे, आणि सामान्य माणसाला तो बाजारात सहज मिळण्याचा संभव जवळजवळ नाही. कोणी होन विकायला आणला तर नाणेशास्त्राच्या संस्थेकडून तपासून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. यापलीकडे सांगण्यासारखं फारसं नाही.

काही वस्तूंना चूकही म्हणता येत नाही आणि नक्कलही नाही. कंपनीच्या नावानं, १८१८ साल घातलेली, रामदरबार किंवा हनुमान असलेली तांब्याची जाड नाणी घरोघर देव्हाऱ्यात आहेत. कंपनीनं असं नाणं कधी पाडलंच नाही. अस्सल नमुनाच नसल्यामुळे यातल्या कुठल्याही दोषाला टाकसाळीची चूक म्हणण्यात अर्थ नाही. देव्हाऱ्यात ती आनंदानं ठेवावीत, पूजा करावी, पण त्यांच्यासाठी हजारो रुपये मोजू नयेत.

पुतळीची गोष्ट वेगळी आहे. व्हेनिसचा सोन्याचा डुकाट इथे व्यापारातून आला, त्यावरच्या संत आणि राज्यकर्त्याच्या आकृतींमुळे पुतळी झाला आणि पुतळ्यांच्या माळेत बसला. मूळ नाणी पुरेनाशी झाल्यावर सोनारांनी तशाच पुतळ्या घडवल्या. त्यांच्यावरची लॅटिन अक्षरं नुसत्या उभ्या-आडव्या रेघा झाली आहेत, आकृत्या काडीसारख्या. नाणेशास्त्राच्या यादीत त्या नक्कल ठरतात. मी त्यांना बनावट म्हणणार नाही. सोनाराला कोणाला फसवायचं नव्हतं, गिऱ्हाइकालाही दागिनाच हवा होता. या दोन्ही गोष्टी बघूनच मी हे पुस्तक विभागलं आहे: वस्तू कशी घडली हा एक प्रश्न आणि ती काय सांगून विकली हा दुसरा.

घरातल्या गिन्नीलाही, म्हणजे सोन्याच्या सॉव्हरिनलाही, हाच न्याय. १९१८ साली मुंबईत लंडनच्या रॉयल मिंटची शाखा चालू होती आणि तिथे बारा लाखांहून अधिक सॉव्हरिन पाडली गेली. घोड्यावरच्या सेंट जॉर्जच्या पायाखालच्या जमिनीवर, सालाच्या वर, बारीक ‘आय’ हे अक्षर ही त्यांची ओळख. वजन ७.९८ ग्रॅम, सोनं बावीस कॅरेट. गेल्या शतकात परदेशात बनावट सॉव्हरिन मोठ्या प्रमाणावर झाली आणि त्यांतल्या काहींत सोनं पुरेपूर होतं. म्हणून नुसता कस लावून गिन्नी अस्सल ठरत नाही. सराफ तिला सोनं म्हणून योग्य भाव देईल, संग्राहकानं मात्र अक्षरांची ठेवण आणि कडेचे दात बघावेत.

चांदीच्या रुपयात सालाचा खेळ चालतो. सहाव्या जॉर्जचा १९३९चा रुपया दुर्मिळ, म्हणून दुसऱ्या सालच्या रुपयाचं साल कोरून १९३९ केलेले नमुने फिरतात. १९३९च्या रुपयात बारांतले अकरा भाग चांदी आहे, १९४०पासून ती निम्म्यावर आली. बदललेल्या अंकाभोवतीचा पृष्ठभाग भिंगाखाली खरवडलेला दिसतोच. त्याआधीचा १९११चा पंचम जॉर्जचा रुपया सगळ्यांना माहीत आहे. राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली आणि सरकारला नाणं मागे घ्यावं लागलं. ती चित्रकाराची चूक होती, टाकसाळीची नव्हे. ठशात होतं ते टाकसाळीनं बिनचूक उतरवलं.

यंत्रावरच्या नाण्यांकडे आलं की चुकांचे प्रकार मोजकेच राहतात, आणि म्हणून ओळखायला सोपे होतात. सगळ्यांत सुंदर उदाहरण ब्रिटनचं आहे. २००८ साली तिथे नाण्यांच्या मागच्या बाजू बदलल्या. वीस पेन्सच्या जुन्या नाण्यावर साल मागच्या बाजूला असे, नव्या रचनेत ते राणीच्या चेहऱ्याच्या बाजूला आलं. काही नाण्यांसाठी जुना पुढचा ठसा आणि नवा मागचा ठसा एकत्र बसवला गेला, आणि ज्यावर साल कुठेच नाही असं नाणं बाहेर पडलं. बोटीवर नोकरी केलेल्या माणसांच्या पेट्यांत अशी परदेशी चिल्लर आमच्याकडे पुष्कळ असते, म्हणून सांगतो: कुणी साल घासून काढलं असेल तर तिथला पृष्ठभाग खोल आणि चकचकीत असतो. खऱ्या चुकीत साल पुसलेलं नाही, ते तिथे कधी नव्हतंच, आणि दोन्ही चित्रं एकमेकांच्या काळाशी विसंगत आहेत. याउलट ब्रिटनचा गोल पाऊंड घ्या. बनावट इतकी माजली की रॉयल मिंटच्या अंदाजानं तीस नाण्यांमागे एक खोटं होतं. २०१७ साली बारा बाजूंचं नवं नाणं आलं आणि १५ ऑक्टोबरला गोल पाऊंड चलनातून गेला. बनावट पाऊंड बहुतेकदा कडेवरून पकडला जाई. कडेवरची लॅटिन ओळ उथळ, अक्षरं असमान, किंवा सालाला न जुळणारं चित्र.

आपल्याकडे दहाच्या नाण्याबद्दल उलटंच घडलं. वेगवेगळी चित्रं दिसली म्हणून लोकांनी अस्सल नाणी खोटी ठरवली. वरच्या बाजूला दहा किरणांचं खरं की पंधरा किरणांचं, रुपयाचं चिन्ह असलेलं की नसलेलं, या वादात कित्येक दुकानांत आणि एस्टीच्या खिडकीवर नाणी नाकारली गेली. रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०१८मध्ये स्पष्ट सांगितलं की दहाची नाणी तोवर १४ प्रकारच्या चित्रांत काढली आहेत आणि ती सगळी चालतात. रचना बदलली याला चूकही म्हणत नाहीत आणि बनावटही नाही, हे एकदा ध्यानात घेतलं की गोंधळ उरत नाही.

याच दहाच्या नाण्यावर खऱ्या चुकीचा आणि नंतर केलेल्या करामतीचा फरक छान शिकता येतो. ते नाणं २७ मिलिमीटर व्यासाचं, ७.७१ ग्रॅमचं, बाहेर पिवळं कडं आणि आत पांढरा गाभा. कडं आणि गाभा वेगळे बनतात, ठशाखाली एकत्र येतात आणि एकाच दाबात जखडले जातात. गाभा नीट न बसता ठसा पडला, तर गाभा एका अंगाला सरकलेला दिसतो, पण चित्र सरकत नाही. मधले सिंह आणि कड्यावरचा ‘भारत’ एकमेकांशी सरळच राहतात, कारण ठसा एकच होता. आता कुणी गाभा ठोकून बाहेर काढला आणि फिरवून परत बसवला, तर सिंह तिरके आणि ‘भारत’ सरळ. टाकसाळीत असं घडायला वाटच नाही. असं नाणं कितीही दुर्मिळ म्हणून सांगितलं तरी त्याची किंमत दहा रुपयांहून जास्त नाही.

दोन्ही बाजूंना छापा असलेलं नाणं हीदेखील जवळजवळ नेहमी अशीच करामत असते. दोन नाणी लेथवर पातळ करून एकात एक बसवलेली असतात, आतल्या कडेला बारीक गोल सांधा भिंगानं दिसतो. एका बाजूला अक्षरं खोलगट आणि उलटी दिसणारी नाणी टाकसाळीतही होतात, आधीचं नाणं ठशाला चिकटून राहिलं तर. पण अस्सल नमुन्यात त्या बाजूचं मूळ चित्र उमटलेलंच नसतं. दोन नाणी व्हाइसमध्ये आवळून केलेल्या नमुन्यात मूळ चित्र खाली चेपलेलं दिसतं आणि मागची बाजू सपाट होते.

एक गोष्ट संतापानं लिहितो. मोबाइलवर येणाऱ्या ‘वैष्णोदेवीचं नाणं द्या, लाखो रुपये घ्या’ अशा जाहिरातींना आमच्या गावांतली साधी माणसं बळी पडतात. आधी नोंदणीचे पैसे, मग कराचे पैसे, मग फोन बंद. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१मध्ये जाहीर केलं की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी तिचा काही संबंध नाही आणि त्यासाठी ती कोणाकडून शुल्क घेत नाही. तुमच्या गावातल्या ज्येष्ठांना हे आवर्जून सांगा.

पुस्तक वाचण्याआधी जवळ तीन गोष्टी असाव्यात: दसपट भिंग, शतांश ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा आणि व्यास मोजायला साधा कॅलिपर. महाराजांच्या काळच्या मानल्या जाणाऱ्या शिवराया साधारण ११ ते १३ ग्रॅमच्या, पुढच्या काळातल्या हलक्या. वजनानं एकट्यानं निकाल लागत नाही, पण फारच वेगळं वजन आलं तर तिथेच थांबायला हवं. शंका उरली तर नाशिकजवळ अंजनेरीची नाणेशास्त्र संशोधन संस्था आहे. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आणि रिझर्व्ह बँकेच्या संग्रहालयात अस्सल नाणी समोर ठेवलेली आहेत. ती पुन्हा पुन्हा बघावीत. डोळा पुस्तकानं अर्धाच तयार होतो.

शेवटी दोन विनंत्या. शेत नांगरताना, पाया खणताना किंवा पावसाळ्यानंतर वाळूत नाणी सापडली तर ती वाटून घेऊ नका. १८७८च्या कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचं निधान सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. नाणी कुठे आणि कशाबरोबर सापडली ही माहिती एकदा गेली की परत मिळत नाही. आणि तांब्याचं नाणं चिंचेनं, लिंबानं किंवा पावडरीनं घासू नका. वरचा थर हाच त्याच्या वयाचा साक्षीदार असतो, तो गेला की तज्ज्ञालाही अस्सल आणि बनावट यांतला फरक सांगणं अवघड जातं. नाणं जसं मिळालं तसं, कोरड्या कागदात गुंडाळून दाखवायला आणा.